कहकशां, दीर्घिका आणि मोहरीचा दाणा



हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) लहान होते तेव्हाची एक रात्र हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. आपली मावशी, उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी ते मुक्कामाला होते. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) जागे झाले, उठून बसले आणि त्यांनी आकाशाकडे दृष्टी लावली. मग सूरह आलि-इमरानच्या अखेरच्या आयती पठण केल्या, वुजू केला आणि नमाजला उभे राहिले. मुलगाही उठला आणि डाव्या बाजूस जाऊन उभा राहिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याचा कान हलकेच धरून त्याला उजवीकडे घेतले.

या घटनेतून फिकहचे विद्वान इमामाच्या उजव्या बाजूस उभे राहण्याचा नियम काढतात, आणि तो योग्यच आहे. मात्र वुजू आणि नमाज यांच्याही आधी आकाशाकडे पाहणे झाले, आणि एक मुलगा ते अंधारात पडल्या-पडल्या पाहत होता, ही बाब आपल्या व्याख्यानांतून फारशी येत नाही. ज्या आयती त्या वेळी पठण झाल्या, त्यांत आकाश-पृथ्वीच्या निर्मितीत आणि रात्र-दिवसाच्या फेऱ्यात बुद्धिवंतांसाठी निशाण्या आहेत, हा आशय आहे. उभे, बसलेले आणि आडवे असतानाही अल्लाहचे स्मरण करणारे आणि या निर्मितीवर चिंतन करणारे लोक तेथे वर्णिले आहेत. स्मरण आणि चिंतन, जिक्र आणि फिक्र, एकाच आयतीत शेजारी ठेवलेले आहेत. आपण मुलांना जिक्र शिकवतो. फिक्र कोण शिकवणार?

हा प्रश्न मी अंबडच्या संदर्भात विचारतो आहे. आपल्या वस्तीतील मुले सकाळी मक्तबमध्ये नाजिरा वाचतात आणि दुपारी शाळेत विज्ञान शिकतात. शाळेच्या पुस्तकात 'दीर्घिका' हा शब्द येतो, तिचे प्रकार येतात, चित्रे येतात. मूल घरी येऊन त्याविषयी विचारते तेव्हा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले, 'हे परीक्षेपुरते लिही, आपले काम दीनचे आहे.' दुसरे, 'त्यात नवीन काय, हे सगळे आपल्या कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच आले आहे.' पहिल्या उत्तराने मुलाची फिक्र मारली जाते. दुसरे उत्तर अधिक गोड असले, तरी माझ्या मते तेच अधिक घातक आहे. ते का, याकडे पुढे येतो. आधी दीर्घिका म्हणजे काय, हे पालकांनीच नीट समजून घ्यावे.

उन्हाळ्यात गच्चीवर निजणाऱ्यांना मध्यरात्रीनंतर आकाशात फिकट दुधी पट्टा दिसतो. मराठीत ती आकाशगंगा. आपल्या घरांतील वडीलधारे तिला कहकशां म्हणतात. हा फारसी शब्द आहे: 'काह' म्हणजे गवताचे वाळके काड, आणि 'कशां' म्हणजे ओढत नेणारा. अरबीतही तिचे एक नाव भुसा वाहणाऱ्यांची वाट अशाच अर्थाचे आहे. कडब्याने भरलेली बैलगाडी शेतातून गावाकडे आली की रस्त्यावर मागे काड्यांची रेघ पडत जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या नावाचा उलगडा करावा लागत नाही. मी मराठीचा विद्यार्थी असल्याने अशा शब्दांपाशी थोडा रेंगाळतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हा पट्टा म्हणजे आपलीच दीर्घिका, आतून पाहिलेली. शंभर अब्जांहून अधिक तारे, त्यांच्यामध्ये वायू आणि धूळ, आणि हे सारे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला सुमारे १ लाख वर्षे लागतात. आपला सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे, आणि सगळे ग्रह सोबत घेऊन केंद्राभोवती एक फेरी पूर्ण करायला त्याला २० कोटींहून अधिक वर्षे लागतात.

असे आकडे मुलांच्या डोक्यावरून जातात. म्हणून मी वर्गात मोहरीचा एक दाणा ठेवतो. साधारण २ मिलिमीटरचा हा दाणा म्हणजे सूर्य असे मानले, तर आपली पृथ्वी त्याच्यापासून एक वीत अंतरावर येते, आणि ती इतकी बारीक की डोळ्यांना दिसणार नाही. मग सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा? मुले म्हणतात, दाराशी. कोणी म्हणते, बसस्थानकापाशी. हिशेब केला तर ती दुसरी मोहरी औरंगाबाद शहरात (आजचे छत्रपती संभाजीनगर) नेऊन ठेवावी लागते, सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर! मधल्या सगळ्या जागेत तारा म्हणून काहीच नाही. आणि याच मापाने आपली संपूर्ण दीर्घिका मांडायची झाली, तर पृथ्वीवर जागा पुरत नाही. चंद्राच्या अंतराच्या तिप्पट-साडेतीनपट पसारा लागतो.

आता प्रकार. एडविन हबल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दीर्घिकांची त्यांच्या आकारावरून वर्गवारी केली, आणि थोडेफार बदल होऊन तीच आजही शिकवली जाते. सर्पिलाकार दीर्घिकेत केंद्राभोवती वळसे घेतलेल्या भुजा असतात. परातीतल्या पाण्यात हळदीची चिमूट टाकून चमचा फिरवला की तसा आकार क्षणभर दिसतो. पण एवढ्यावर मुलांना सोडू नये, कारण दीर्घिकेच्या भुजा म्हणजे ताऱ्यांचे कायमचे दोरखंड नव्हेत. आठवडी बाजाराच्या दिवशी अरुंद गल्लीत गर्दी तुंबते. माणसे आत येतात, बाहेर पडतात, गर्दी मात्र तिथेच दिसत राहते. बऱ्याच दीर्घिकांच्या भुजा अशाच असतात. तारे त्यांतून जात-येत राहतात, आणि तेथे वायू दाटल्याने नवे तारे जन्मतात. काही सर्पिल दीर्घिकांच्या मध्यभागी ताऱ्यांचा एक आडवा दंड असतो आणि भुजा त्याच्या टोकांपासून निघतात. आपली दीर्घिका याच, दंडयुक्त सर्पिल प्रकारची आहे.

लंबवर्तुळाकार दीर्घिका कधी मोसंबीसारखी गोल, कधी अंड्यासारखी लांबट. तिच्यात भुजा नसतात, वायू थोडा असतो, तारे बहुधा जुने व तांबूस असतात. अनियमित दीर्घिकेला ठरावीक आकारच नाही. पिंजलेल्या कापसाचा पुंजका वाऱ्याने विस्कटावा तशी ती दिसते. या दोहोंखेरीज एक प्रकार भिंगाकार, म्हणजे सर्पिलासारखी चपटी तबकडी, पण भुजा नाहीत. येथे मदरशातील अरबी उपयोगी पडते: अरबीत मसुरीला 'अदस' म्हणतात आणि भिंगाला 'अदसा'. भिंग हे मसुरीच्या आकाराचे, म्हणून हे नाव. तेव्हा आईने डाळ निवडताना मसुरीचा एक अख्खा दाणा बाजूला काढून मुलाच्या तळहातावर ठेवला की हा प्रकार शिकवून झाला.

आता त्या गोड उत्तराकडे वळू.

हबलनंतर बराच काळ अनेकांची समजूत अशी होती की गोल दीर्घिका हळूहळू चपट्या होत सर्पिल बनत असाव्यात. ती टिकली नाही. उलट दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की बहुधा लंबवर्तुळाकार दीर्घिका उरते, असे आज मानतात. आपली दीर्घिका आणि शेजारची देवयानी काही अब्ज वर्षांनी एकमेकींवर आदळणारच, असेही अनेक वर्षे ठामपणे सांगितले जात होते. २०२५ मध्ये नव्या मोजमापांवरून केलेल्या गणिताने पुढच्या १० अब्ज वर्षांत ती शक्यता जवळपास निम्म्यावर आणली.

आणखी जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या चित्रांतून एक दूरस्थ सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला 'अलकनंदा' हे नाव दिले. २०२५ च्या अखेरीस ही बातमी सर्वत्र आली. तिचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षे प्रवास करून आपल्याकडे पोहोचला आहे. म्हणजे विश्वाचे वय अवघे दीड अब्ज वर्षे असताना ती होती तशी आपण तिला आज पाहतो. त्या काळातील दीर्घिका ओबडधोबड असणार, दोन नेटक्या भुजा असलेली घडण बनायला फार अवधी लागतो, अशी अपेक्षा होती. अलकनंदा मात्र तेव्हाच सुघड झालेली दिसते. आता शास्त्रज्ञांना आपले हिशेब पुन्हा तपासावे लागत आहेत, आणि ते आनंदाने तपासत आहेत.

विज्ञानाची रीतच ही आहे. त्याचे आजचे म्हणणे उद्या सुधारले जाऊ शकते, आणि ही त्याची लाज नव्हे, ताकद आहे. मग आजच्या सिद्धांताला आयतीची मोहर लावून मुलाच्या हाती देणाऱ्याने विचार करावा की उद्या सिद्धांत बदलला तर मुलाच्या मनात काय हलेल? सूरह जारियातच्या ४७ व्या आयतीवरून विश्वाच्या प्रसरणाची भाषणे होतात. त्या आयतीत आकाशाच्या निर्मितीतील सामर्थ्य आणि विशालता यांचा आशय आहे, आणि प्राचीन मुफस्सिरांनी तिचे अर्थ त्याच अंगाने लावले. विशालतेच्या शब्दात प्रसरणाचा अर्थ सामावू शकतो, असे कोणी अदबीने म्हणाले तर हरकत नाही. पण 'हबलने आमच्याकडून घेतले' ही फुशारकी ना तफसीर आहे ना खगोलशास्त्र. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला, हे बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत. आपल्या महाराष्ट्राचे जयंत नारळीकर यांनी मात्र आयुष्यभर त्याला पर्यायी सिद्धांत मांडला आणि मे २०२५ मध्ये निधन होईपर्यंत आपली शंका लपवली नाही. मुलांना हेही सांगावे.

आपल्या पूर्वसूरींची रीत याहून निराळी नव्हती. इराणातील अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी इसवी सन ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवरील आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात देवयानी तारकासमूहाच्या चित्रात एका माशाच्या मुखाशी त्यांनी एक लहानसा ढग नोंदवला. आज आपण तिला देवयानी दीर्घिका म्हणतो. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद. दुर्बीण येण्याच्या साडेसहा शतके आधी, नुसत्या डोळ्यांनी! त्यांनी जे दिसले ते लिहिले, आणि जे दिसले नाही ते त्यात घातले नाही. तो ढग म्हणजे ताऱ्यांचे एक स्वतंत्र जग आहे, हे सिद्ध व्हायला १९२० चे दशक उजाडावे लागले. अल-बिरूनी यांनीही कहकशां ही असंख्य धूसर ताऱ्यांच्या तुकड्यांची बनलेली आहे, असे म्हटले होते. आणि फार मागे कशाला जायचे? आपले अंबड ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्वतःच्या जागेत वेधशाळा उभारून इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण मागवली. त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली. आकाशाचा छायाचित्र-नकाशा तयार करण्याचे काम तेव्हा जगभरातील वेधशाळांनी वाटून घेतले होते, आणि निजामिया वेधशाळेनेही आपल्या वाट्याचा पट्टा पूर्ण केला. या कामाचा अभिमान बाळगावा, कारण ते काम होते.

परंतु मुलांच्या मनातला खरा प्रश्न नेहमी आकाशाविषयी असतो असे नाही. मोहरीच्या त्या वर्गानंतर नववीतील एका मुलीने विचारले, "मौलाना, एवढं सगळं असताना अल्लाहला आमची गल्ली कशी दिसत असेल?" मागे बसलेले एक बुजुर्ग लगेच म्हणाले, "बेटा, तौबा करो." ती खाली मान घालून गप्प झाली. नंतर तिच्या धाकट्या भावाकडून कळले की त्यांची दादी शाबान महिन्यात वारली, आणि ही पोर दादीच्या आजारपणात रोज तहज्जुदला उठून दुआ करत होती.

मला वाटते, अशा प्रश्नावर तौबा करायला सांगणे हा अन्याय आहे. तिचे ईमान डळमळले नव्हते. जिच्या मनात श्रद्धाच नाही, ती आपली दुआ कुठे गेली हे कशाला विचारील? दुसऱ्या दिवशी मी तिला आणि साऱ्या वर्गाला दोन गोष्टी सांगितल्या.

एक सूरह लुकमानमधील. हजरत लुकमान आपल्या मुलाला समजावतात की एखादी गोष्ट मोहरीच्या दाण्याएवढी असो, मग ती खडकात असो, आकाशांत असो वा जमिनीत, अल्लाह ती हजर करील. ज्या मोहरीने आपण सूर्य मोजला, तीच मोहरी येथे आहे, आणि येथेही एक बाप मुलालाच शिकवतो आहे. शोधणाऱ्याला पसारा मोठा झाला की वस्तू सापडत नाही, हा आपला अनुभव, कारण आपण एका जागी असलो की दुसऱ्या जागी नसतो. हीच आपली मर्यादा आपण नकळत निर्मात्यावर लादतो, म्हणून दीर्घिकांची संख्या ऐकून आपल्याला तो दूर गेल्यासारखा वाटतो. सूरह काफमध्ये तर तो माणसाला त्याच्या मानेच्या शिरेहूनही जवळ असल्याचे सांगितले आहे. ही जवळीक प्रकाशवर्षांत मोजायची नाही.

दुसरी गोष्ट मदीनेतील. हिजरी १० मध्ये प्रेषितांचा (स.) दीड वर्षाच्या आसपासचा पुत्र इब्राहीम त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. प्रेषितांचे (स.) डोळे वाहू लागले, सहाबांना आश्चर्य वाटले, तेव्हा ही दया आहे असे त्यांनी सांगितले. डोळे रडतात, हृदय दुःखी होते, पण मुखातून रब नाराज होईल असे काही निघत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. पुत्र गमावलेल्या पित्याला याहून मोठे सांत्वन कोणते? ते नुसते गप्प राहिले असते, तरी ही समजूत जगभर पसरली असती. पण त्यांनी नमाज पढवली आणि लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्यांपैकी दोन निशाण्या आहेत, त्यांना कोणाच्या मरणाने वा जगण्याने ग्रहण लागत नाही.

म्हणजे आकाश आपल्या दुःखासाठी आपला नियम मोडत नाही, प्रेषितांच्या (स.) दुःखासाठीही नाही. आणि आकाश हलले नाही म्हणून अल्लाहने ऐकले नाही, असेही नाही. तिची दुआ कबूल झाली की नाही, कोणत्या रूपाने झाली, हे मी तिला सांगू शकत नव्हतो, तसे सांगितलेही नाही. दुआ वाया जात नाही, हदीसमध्ये तिच्या कबुलीची तीन रूपे आली आहेत: मागितलेले मिळते, किंवा त्याऐवजी एखादे संकट टळते, किंवा ते परलोकासाठी साठवून ठेवले जाते. तिने विचारले, "दादीसाठी अजूनही मागू शकते ना?" मी म्हटले, का नाही, मगफिरतची दुआ तर आता अधिकच कर. ते बुजुर्गही ऐकत होते. त्यांनी तिला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला.

आता पालकांना दोन शब्द. अशा वर्गाला मुलींनाही पाठवा. 'मुलीला आकाशाचे काय करायचे' असे म्हणणाऱ्यांनी इतके लक्षात घ्यावे की अलकनंदा शोधणाऱ्या दोघांपैकी एक तरुण संशोधिका आहे. जमल्यास मुलांना जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे दर्शन घडवा; ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथील शिवारांत पसरल्या आहेत. विज्ञान दिनाच्या निमित्ताने तेथे भरणाऱ्या प्रदर्शनाला खेड्यापाड्यांतील शाळा जातात.

पण खोडदला जाणे होईल तेव्हा होईल, आकाश आज रात्रीही आहे. त्यासाठी चांद्रमासाची गणना आपल्या घरात असतेच. चांदच्या २२ तारखेपासून पुढच्या चांदच्या ३ तारखेपर्यंत संध्याकाळनंतरचे आकाश काळे असते. रमजानच्या अखेरच्या अशऱ्यातील रात्रीही अशाच अंधाऱ्या असतात. अलीकडे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असल्याने सहरीपूर्वी आग्नेयेला वृश्चिक आणि धनु राशींमधून जाणारा कहकशांचा सर्वांत दाट भाग दिसतो. आपल्या दीर्घिकेचे केंद्र त्याच दिशेला आहे.

देवयानीसाठी नोव्हेंबर उत्तम. इशाची नमाज झाल्यावर, आठ-नऊच्या सुमारास, गावातील दिव्यांपासून दूर, शहागडच्या रस्त्याला एखाद्या ओळखीच्या मोसंबीच्या बागेच्या बांधावर मुलांना घेऊन जा. पंधरा-वीस मिनिटे मोबाइल खिशातच राहू द्या, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले की इंग्रजी एम अक्षरासारखी शर्मिष्ठा दिसेल. तिच्या दोन टोकांपैकी जे अधिक अणकुचीदार आहे, ते डोक्याच्या दिशेने जिकडे रोख दाखवते तिकडे नजर न्या. तेथे एक फिकट, लांबट डाग आहे. मूल म्हणेल, मला काही दिसत नाही. त्याला सांगा, थेट त्याच्यावर डोळे रोखू नकोस, किंचित बाजूला पाहा. मग तो दिसतो. अस-सूफींनी नोंदवलेला लहानसा ढग तोच.